शुगरची फाईल वेगळी, जबड्याची तक्रार वेगळी

आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरच्या माणसांची माहिती ज्या फॉर्मवर भरून घेते, त्याला आरोग्य खात्यात ‘सीबॅक’ म्हणतात. वय किती, कंबरेचा घेर किती, तंबाखू खाता का, आठवड्यात अंगमेहनत किती होते, घरात कुणाला शुगर किंवा बीपी आहे का, हे त्याच्या पहिल्या भागात असते. उत्तरांना गुण दिले जातात आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी पाठवायचे असते. दुसऱ्या भागात लक्षणे आहेत. दम लागतो का, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का, अशा प्रश्नांच्या रांगेत दोन प्रश्न येतात: तोंड उघडायला त्रास होतो का? चावताना दुखते का?

हे दोन प्रश्न फॉर्ममध्ये आले ते तोंडाच्या कर्करोगासाठी. तंबाखू आणि गुटख्याच्या मुलखात ते हवेतच. पण ज्याला मधुमेह आहे किंवा जडायच्या बेतात आहे, त्याच्या बाबतीत या प्रश्नांना कर्करोगापलीकडेही अर्थ आहे. पहिल्या भागाचे उत्तर शुगर तपासणाऱ्याकडे जाते, दुसऱ्या भागाचे तोंड तपासणाऱ्याकडे. माणूस एकच, कागदही एकच, पण ही दोन उत्तरे शेजारी ठेवून कुणी वाचत नाही. केंद्र सरकारने २० फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२५ या काळात तीस वर्षांवरील सर्वांसाठी असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीची विशेष मोहीम घेतली. अशा मोहिमांत किती जणांची तपासणी झाली हा आकडा मोठा होतो. तपासणीतून निघालेल्या तक्रारीचे पुढे काय झाले, हा आकडा मात्र मागायची आपल्याला सवय नाही.

नांदेड किंवा लातूरच्या कुठल्याही ओपीडीत दिसणारा प्रवास साधारण असा असतो. पन्नाशीतला माणूस, आठ-दहा वर्षांची शुगर. कानाच्या पुढे, कानशिलापाशी दुखू लागते. घास चावताना कट् असा आवाज येतो, जांभई देताना जबडा अडल्यासारखा होतो. तो आधी कानाच्या डॉक्टरकडे जातो, कारण दुखते कानापाशी. कान स्वच्छ निघतो. मग दाताच्या डॉक्टरकडे. तिथे एखादी किडलेली दाढ सापडते, कारण या वयात ती सापडतेच. दाढ निघते आणि दुखणे तसेच राहते. मग मेडिकलवरून दुखण्याची गोळी सुरू होते. या सगळ्या फेऱ्यांत ‘तुमची शुगर सध्या किती आहे’ हे क्वचितच विचारले जाते आणि शुगरच्या डॉक्टरांनी ‘तोंड उघडून दाखवा’ म्हटल्याचे तर त्याहून क्वचित ऐकू येते.

जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे असतो. दोन्ही कानांपुढे बोटे टेकवून तोंड उघडमीट केले की तो हाताला लागतो. शरीरातल्या वेगळ्या सांध्यांपैकी हा एक. गुडघा बिजागरीसारखा वाकतो, पण हा सांधा आधी बिजागरीसारखा फिरतो आणि मग पुढे सरकतो. मध्ये एक लवचीक चकती असते. ती जागेवरून थोडी घसरली की खटका वाजतो, जास्त अडली की तोंड पूर्ण उघडत नाही. शिवाय हा सांधा जोडीने काम करतो. डावा दुखला की उजव्यावर भार येतो. सांध्याइतकेच महत्त्व त्याला हलवणाऱ्या स्नायूंना आहे. जबड्याचे दुखणे म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारी खरे तर या स्नायूंच्याच असतात: रात्री दात खाण्याच्या, ताणात दात आवळून धरण्याच्या, सतत काहीतरी चघळण्याच्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थेच्या अंदाजानुसार या विकारांचे प्रमाण ५ ते १२ टक्क्यांदरम्यान असते आणि ते स्त्रियांत जास्त आढळतात. नुसता खटका वाजतो, पण दुखत नाही आणि तोंड नीट उघडते, अशा माणसाला बहुधा उपचारांची गरजही नसते. ही गोष्ट आधीच सांगितलेली बरी, नाहीतर हा लेख वाचून अर्धे गाव कानापुढे बोट लावून बसेल.

मधुमेहाचा या सांध्याशी संबंध कसा येतो, हे समजायला हातापासून सुरुवात करणे सोपे. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की ती शरीरातल्या प्रथिनांना चिकटते. सांध्यांभोवतीच्या आवरणात, अस्थिबंधांत, कातडीत कोलॅजन नावाचे जे तंतू असतात, ते अशाने एकमेकांत अडकून ताठ होतात. साखरेचा पाक जास्त वेळ शिजला की तार सुटते आणि थंड होताच तो कडक होतो, तसा काहीसा हा प्रकार, फक्त दहा-पंधरा वर्षांत घडणारा. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडातील डॉक्टरांनी मधुमेह असलेल्या तरुण रुग्णांमध्ये बोटांचे सांधे ताठ झाल्याचे नोंदवले आणि मग हे लक्षण जगभर शोधले जाऊ लागले. त्याची चाचणी आपल्याला परकी नाही. नमस्कार करायचा. तळवे आणि बोटे एकमेकांना पूर्ण टेकली तर ठीक. बोटांच्या मध्ये फट राहत असेल आणि कितीही दाबले तरी ती मिटत नसेल, तर सांधे ताठरले आहेत. मधुमेहींमध्ये खांदा जखडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते, हेही आता सर्वमान्य आहे. हात वर जात नाही, सदऱ्याच्या बाहीत घालता येत नाही, ही तक्रार शुगरच्या रुग्णांकडून डॉक्टर रोज ऐकतात.

मग जबड्याचा सांधा यातून सुटेल कसा? तर्काने सुटू नये. मधुमेह घडवून आणलेल्या उंदरांमध्ये जबड्याच्या सांध्याच्या कूर्चेत बदल झालेले प्रयोगशाळेत दिसले आहेत. फिनलंडमध्ये वयस्कर मधुमेहींवर झालेला आणि २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ज्यांच्या नसांवर मधुमेहाचा परिणाम झाला होता, त्यांच्यात दात गमावणे आणि जबड्याच्या सांध्याचा बिघाड या दोन्हींशी त्या परिणामाचा संबंध असल्याचे त्यात आढळले. नसा अधू झाल्या की स्नायूंचा ताल बिघडतो, चावताना जोर कुठे आणि किती द्यायचा याचा अंदाज चुकतो, हे त्यामागचे एक स्पष्टीकरण.

पण इथेच एक गाठ मारून ठेवावी लागते. या विषयावरचे बहुतेक अभ्यास लहान आहेत आणि एकाच वेळी केलेल्या पाहणीचे आहेत. मधुमेह आणि जबड्याचे दुखणे एकत्र सापडतात, हे त्यातून दिसते. एकामुळे दुसरे होते, हे सिद्ध होत नाही. दोघांच्या मागे वय, कमी झोप, ताण, गेलेले दात अशी तिसरीच कारणे असू शकतात. त्यामुळे ‘जबडा दुखतो म्हणजे शुगर वाढली’ असे सरळ समीकरण कुणी मांडत असेल तर ते खोटे समजावे. उलट बाजूने मात्र एक गोष्ट पक्की आहे. मधुमेह असलेल्या माणसाचा जबडा दुखू लागला की त्याची किंमत त्याला इतरांपेक्षा जास्त मोजावी लागते. आणि मराठवाड्यात ती आणखी जास्त, कारण इथले खाणे.

ज्वारीची भाकरी चावून खायची गोष्ट आहे. सोबत शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा, काकडी, एखादी पालेभाजी, तुरीचे वरण. हे पारंपरिक ताट मधुमेहासाठी चांगलेच म्हणायला हवे. त्यात तंतू आहेत, डाळ आहे, आणि मुख्य म्हणजे चावायला वेळ लागतो, त्यामुळे साखर हळू चढते. जबडा दुखू लागला की या ताटातून पहिली बाद होते भाकरी. मग कांदा-काकडी, मग शेंगदाणे. त्यांच्या जागी येतो मऊ भात, साबुदाण्याची खिचडी, दूध-पाव, चहात बुडवलेली बिस्किटे, केळी. घरची माणसे प्रेमाने करतात, ‘चावायला नको’ म्हणून. दोन महिन्यांनी रक्त तपासले की साखर वाढलेली असते आणि डॉक्टर गोळीचा डोस वाढवतात. खाणे का बदलले हे रुग्ण सांगत नाही. डॉक्टर विचारत नाहीत. जबडा तसाच दुखत राहतो.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. एखाद्या दिवशी दुखणे इतके असते की माणूस दोन घास खाऊन उठतो. जेवण निम्मे, गोळी मात्र पूर्ण. इन्सुलिन घेणारे आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारे यांच्या बाबतीत अशा वेळी साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ. शेतात किंवा मोटारसायकलवर असताना हे झाले तर पुढचे सांगायला नको. शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच साखर किंवा साखरपाणी द्यायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा. आणि चावता येत नाही म्हणून जेवण कमी झाले असेल, तर गोळी किंवा इन्सुलिनचे काय करायचे ते डॉक्टरांना फोन करून विचारायचे. डोस आपल्या मनाने बंदही करायचा नाही आणि ‘रोजचाच आहे’ म्हणून घेऊनही टाकायचा नाही.

जबड्याला आराम देण्यासाठी काही दिवस मऊ खावे लागते, हे खरे आहे. पण मऊ म्हणजे मैदा, साबुदाणा आणि बिस्किटे नव्हे. वरणात किंवा ताकात चुरून भिजवलेली भाकरी, ज्वारीच्या कण्या, मऊ पिठले, मुगाच्या डाळीचे घट्ट वरण, शिजवून घोटलेली पालेभाजी, बारीक कुटलेले शेंगदाणे. डाळ मिलसाठी ओळखल्या जाणाऱ्या लातुरात वरणाची रेसिपी सांगायची म्हणजे जरा आगाऊपणाच, पण दूध-बिस्किटांपुढे वरण-भाकरीचा काला हरतो आहे हे घराघरांत दिसते.

आता गुटख्याचे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर, निलंगा या सीमेवरच्या तालुक्यांत ती बंदी किती आणि कशी चालते, हे वाचकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू खात असल्याचे आढळले होते, म्हणजे साधारण चारातला एक. सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू पांढुरकी आणि ताठ होते, आत दोरीसारखे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासे होते. तिखट लागले की आग होते. या आजारात पुढे कर्करोगाचा धोका असतो. सुपारी चघळणाऱ्यांत रक्तातली साखर वाढलेली असण्याचा संबंध तैवानमधल्या अभ्यासांत दिसला आहे, म्हणजे सुपारीचा धागा मधुमेहापर्यंतही जातो.

त्यामुळे इथे एखाद्या मधुमेही माणसाचे तोंड पूर्ण उघडत नसेल तर त्याच्या मागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. सुपारीने आखडलेला गाल, जबड्याच्या सांध्याचा किंवा स्नायूचा विकार, आणि मधुमेहाने एकूणच ताठरलेले सांधे. पहिल्यात आग होते आणि गाल आतून कडक लागतो. दुसऱ्यात कानापुढे दुखते, खटका वाजतो, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जाते. तिसऱ्यात फारसे दुखत नाही, पण बोटे आणि खांदेही ताठ असतात. हे वर्णन पुस्तकी आहे. प्रत्यक्षात एकाच माणसात दोन कारणे असतात, कधी तिन्ही. घरी फक्त इतके करता येते: आरशासमोर उभे राहून आपल्याच हाताची पहिली तीन बोटे उभी, एकावर एक, पुढच्या दातांमध्ये घालून पाहायची. निरोगी मोठ्या माणसाचे तोंड साधारण ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडते, म्हणजे तीन बोटे सहज जातात. दोनच जात असतील तर दाखवायला हवे. कारण शोधायचे काम डॉक्टरांचे. ‘गुटखा खातो म्हणून असेल’ असे समजून गप्प बसणारे आणि ‘मी गुटखा खात नाही’ म्हणून निर्धास्त राहणारे, दोघेही धोक्यात.

जबड्याचे दुखणे कधी जबड्याचे नसतेच. मधुमेहींच्या बाबतीत हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे. हृदयविकाराच्या झटक्यात छातीऐवजी खालच्या जबड्यात, गळ्यात, डाव्या खांद्यात कळ येऊ शकते. मधुमेहाने नसा अधू झालेल्या माणसाला छातीतली कळ जाणवतच नाही असेही होते. अशा माणसाला चालताना, चढ चढताना जबड्यात दुखते आणि थांबले की कमी होते. सांध्याचे दुखणे चावताना वाढते, हृदयाचे चालताना. हा फरक प्रत्येक मधुमेही घरात माहीत असायला हवा. चालताना जबडा दुखला, सोबत घाम, दम किंवा मळमळ असेल, तर दाताच्या दवाखान्यात जाण्यात वेळ घालवायचा नाही. आधी ईसीजी.

दुसरे दुखणे कानाचे. वयस्कर मधुमेहींमध्ये कानाच्या नळीतला साधा वाटणारा संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत उतरू शकतो. कानातून पाणी, रात्री झोपू न देणारी ठणक आणि जबडा हलवला की वाढणारे दुखणे, अशी त्याची लक्षणे. कानाची नळी आणि जबड्याचा सांधा इतके शेजारी आहेत की संसर्ग सांध्यातही शिरतो. पुढे चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते. अशा माणसाला कानात कोमट तेल घालून आठवडा काढायला लावणे जिवावर बेतू शकते. अक्कलदाढेच्या मागे पू झाला तरी तोंड मिटून जाते आणि साखर जास्त असेल तर तो पू गळ्यात झपाट्याने उतरतो. ताप, गिळता न येणे, गळ्याखाली सूज ही रात्रीतून दवाखान्यात नेण्याची कारणे आहेत. आणि दातखीळ हा शब्द आपण विनोदाने वापरत असलो तरी धनुर्वात अजून संपलेला नाही. मधुमेहींमध्ये त्याचा धोका जास्त मानला जातो आणि पायाची न भरणारी जखम त्याला वाट देते. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली, हे किती जणांना सांगता येईल?

साखर आणि जबडा यांचे नाते किती भयंकर होऊ शकते, हे आपण २०२१ च्या उन्हाळ्यात पाहिले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, नाकातून सायनसमध्ये आणि तिथून वरच्या जबड्यात शिरत होती. ती रक्तवाहिन्या बंद करते, हाड जागच्या जागी मरते आणि ते काढण्यावाचून इलाज राहत नाही. केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी जूनच्या अखेरीस दिलेल्या आकडेवारीनुसार देशात तोवर ४०,८४५ रुग्ण नोंदले गेले होते. त्यांतल्या २६,१८७ जणांना, म्हणजे सुमारे ६४ टक्क्यांना, मधुमेह होता आणि निम्म्याहून जास्त जणांना स्टेरॉइड दिलेली होती. महाराष्ट्र हे सर्वाधिक झळ बसलेल्या राज्यांपैकी एक होते आणि मराठवाड्यातही वरचा जबडा काढावा लागलेली माणसे होती. त्यांच्यासाठी साथ संपली तरी ती शस्त्रक्रिया संपलेली नाही. टाळूची पोकळी झाकायला कृत्रिम टाळू लागतो, तो वेळोवेळी बदलावा लागतो, व्रण आखडल्याने तोंड कमी उघडते आणि त्यासाठी जबड्याचे व्यायाम रोज करावे लागतात. या माणसांची पुढची देखभाल कुणाकडे, हा प्रश्न त्या वर्षीच्या बातम्यांबरोबर विरून गेला. ज्यांना त्या वेळी प्रथमच मधुमेह असल्याचे कळले, त्यांनाही ते कळले ते जबडा धोक्यात आल्यावर.

औषधांकडे वळू. जबडा दुखतो म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन महिनोन्‌महिने खाणाऱ्यांची मूत्रपिंडे आधीच मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या माऱ्यात असतात. दोन-चार दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणे वेगळे आणि पट्टीच्या पट्टी आणून ठेवणे वेगळे. सांध्यात किंवा कमरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले की दुखणे जादूसारखे थांबते, पण मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस चढलेली राहते. इंजेक्शन गरजेचे असेल तर घ्यावे, पण देणाऱ्याला शुगर आहे हे सांगून आणि त्या दिवसांत साखर मोजून. गावात ‘एक सुई मारली की सात दिवस आराम’ देणारे असतात. त्या सुईत काय आहे, हे विचारायचा हक्क रुग्णाला आहे.

एक कमी बोलली जाणारी गोष्टही सांगायला हवी. मधुमेहाच्या ‘ग्लिप्टिन’ गटातल्या गोळ्या आता सर्रास वापरात आहेत. ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटातल्या गोळ्यांनी काही रुग्णांना तीव्र सांधेदुखी होऊ शकते, असा इशारा दिला होता. तो सांधेदुखीबद्दल एकूण होता, खास जबड्याबद्दल नव्हे, आणि असे होणारे रुग्ण थोडेच. तरीही नवी गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत सांधे दुखू लागले असतील, तर ही माहिती डॉक्टरांना द्यावी. गोळी परस्पर बंद करू नये.

जबड्याच्या बहुतेक विकारांचे उपचार तसे साधे आहेत. मोठ्या जांभया, कडक चावणे, सुपारी आणि च्युइंगगम बंद, दोन्ही बाजूंनी चावण्याची सवय, शेक, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम, रात्री दात खाणाऱ्यांसाठी दातांवर बसणारी पट्टी. बरेच लोक काही आठवड्यांत बरे होतात. दात घासून-कापून ‘चावा जुळवून’ देतो, असे कुणी पहिल्याच भेटीत म्हटले तर दुसरे मत घ्यावे, कारण घासलेला दात परत येत नाही. शस्त्रक्रियेची वेळ मोजक्यांवर येते. मधुमेहात या यादीला एक गोष्ट जोडायची: साखर आटोक्यात नसेल तर शेक आणि व्यायामाचा परिणाम अर्धाच राहतो. शेकतानाही जपून, कारण नसा अधू असतील तर भाजल्याचे उशिरा कळते.

तोंड आणि मधुमेह यांतला सगळ्यात भक्कम पुरावा जबड्याच्या सांध्याचा नाही, हिरड्यांचा आहे. साखर वाढली की हिरड्या सुजतात, रक्त येते, दात हलतात. आणि हिरड्यांचा आजार बळावला की साखर आटोक्यात येत नाही. हा दोन्ही बाजूंनी चालणारा रस्ता आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर असे दिसले की हिरड्यांचा नीट उपचार केल्याने तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास घटते. आकडा लहान वाटेल, पण तो मिळतो दात साफ करून घेतल्याने. दाढा एकेक करून गेल्या की माणूस एकाच बाजूने चावतो, पुढच्या दातांनी चावतो आणि जबड्याचे स्नायू थकतात. सांध्याकडे येणारा एक रस्ता हिरड्यांतून असा येतो. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन मधुमेहींनी वर्षातून किमान एकदा दंततपासणी करावी असे सुचवते. आपल्याकडे डोळे, पाय आणि मूत्रपिंड यांची वार्षिक तपासणी हळूहळू रुजते आहे, तोंड अजून त्या यादीत आलेले नाही.

देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाखांना त्याची पूर्वावस्था, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत निघाला. त्याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ मध्ये, महाराष्ट्राचे प्रमाण ८.४ टक्के होते. शहरांत १०.९ आणि ग्रामीण भागात ६.५. म्हणजे तेव्हाच हा फक्त शहरातल्या पोट सुटलेल्या माणसाचा आजार राहिला नव्हता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. शेतात राबणाऱ्या, सडपातळ माणसाला शुगर निघाली की इथे अजूनही आश्चर्य वाटते, आणि त्या आश्चर्यात तपासणीची काही वर्षे निघून जातात.

सोयींचा विचार केला तर नांदेड-लातूर अगदीच रिकामे नाही. नांदेडच्या विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातुरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. दोन्ही शहरांत खासगी दंत महाविद्यालयेही आहेत. जबड्याचा सांधा, न उघडणारे तोंड, गालातले पट्टे यांसाठी दंत महाविद्यालयातला ओरल मेडिसिन विभाग ही योग्य जागा, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. लोक ‘दात काढायच्या’ खिडकीपाशी रांग लावतात. शासकीय दंत महाविद्यालय मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला आहे, किनवट किंवा देवणीच्या माणसासाठी ते किती लांब हे नकाशा न पाहताही कळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य सहसा नसतो, तो ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात भेटतो. असंसर्गजन्य आजारांचा कक्षही तिथेच असतो. म्हणजे शुगर तपासणारी खोली आणि दाताची खुर्ची बऱ्याचदा एकाच इमारतीत आहेत, अंतर असेल तर एका व्हरांड्याचे.

हे अंतर कमी करायला नवी योजना लागत नाही. एनसीडी कक्षात दर महिन्याला गोळ्या न्यायला येणाऱ्या माणसाचे वजन आणि रक्तदाब मोजला जातोच. त्यात वर्षातून दोनदा ‘तीन बोटे घालून दाखवा’ आणि ‘हात जोडून दाखवा’ एवढे वाढवले तर एक मिनिट लागेल. ते परिचारिकेलाही करता येईल. उलट, दाताच्या खुर्चीत चाळिशीपुढचा माणूस हलणारे दात किंवा अडलेला जबडा घेऊन बसला, तर बोटाच्या टोकावरून साखर तपासायची पट्टी तिथेच ठेवता येईल. आणि सीबॅक फॉर्ममध्ये गुण चारच्या वर आणि तोंडाच्या प्रश्नाला ‘होय’, असे एकत्र आले की त्या नावावर वेगळी खूण, जेणेकरून तो माणूस साखर तपासून परस्पर घरी जाणार नाही. आशांवर आधीच कामाचा ढीग आहे आणि मानधनासाठी त्यांना वारंवार रस्त्यावर यावे लागते, त्यामुळे नवा फॉर्म त्यांच्या हातात देऊ नये. जुन्याच फॉर्मवरचे त्यांनी लिहिलेले उत्तर वरच्यांनी वाचावे.

तोवर रुग्णाच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे पुढच्या वेळी शुगरच्या डॉक्टरांकडे जाताना हे सांगणे: भाकरी सोडली आहे, कारण चावताना दुखते. आणि दाताच्या डॉक्टरकडे जाताना शुगरची शेवटची चिठ्ठी खिशात ठेवणे.